चाचांनी मशीन बंद केलं नव्हतं

चिखलीच्या कॉलेजात गणित शिकवायला लागून मला चौथं वर्ष होतं, आणि अजून मी तासिका तत्त्वावरच होते. दर जूनमध्ये नवी मुलाखत, नवी यादी, आणि यादीत आपलं नाव दिसेपर्यंत जिवाला घोर. त्या वर्षी अभ्यासक्रम बदलला आणि शेवटच्या वर्षाला गणिताचं प्रात्यक्षिक आलं, तेही संगणकावर. आमचे विभागप्रमुख फळा आणि खडूचे माणूस. त्यांनी नव्या अभ्यासक्रमाचे कागद माझ्यापुढे सरकवले आणि म्हणाले, "मॅडम, हे तुम्हीच बघा. आमच्या वेळी गणिताला प्रॅक्टिकल नव्हतं."

प्रात्यक्षिकासाठी सुचवलेलं सॉफ्टवेअर मुक्त होतं. जगभरातल्या गणिताच्या लोकांनी आपापला वेळ देऊन लिहिलेलं, कोणीही उतरवून घ्यावं, उघडून पाहावं, वाटल्यास बदलावं असं. प्रचंड संख्यांचे अवयव पाडणं, समीकरणं सोडवणं, आलेख काढणं, सगळं त्यात होतं. अडचण आमच्या बाजूला होती. लॅबमधले बारा संगणक इतके जुने की त्यांच्यावर चालेल असं आयतं तयार सॉफ्टवेअर आता कोणी देत नव्हतं. मग उरला लांबचा रस्ता. त्याचा मूळ कोड आणायचा आणि आपल्याच मशीनवर तुकड्यातुकड्याने तयार करायचा. याला बिल्ड करणं म्हणतात. शंभरावर लहानमोठे तुकडे एकामागून एक तयार होतात आणि एक अडला की पुढचे सगळे थांबतात. चांगल्या मशीनवर हे काही तासांत उरकतं. आमच्या मशीनला सगळी रात्र लागणार होती. एकावर झालं की बाकी अकरांवर नुसती नक्कल करायची, असं मी ठरवलं होतं.

लॅब चाचांच्या ताब्यात होती. चाचा म्हणजे आमचे लॅब अटेंडंट. प्राचार्यांपासून पहिल्या वर्षाच्या पोरींपर्यंत सगळे त्यांना चाचाच म्हणत. आखूड पांढरी दाढी, वरच्या खिशात कायम टेस्टर, निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं. तरुणपणी ते मलकापूरला मोटारी भरायच्या दुकानात कामाला होते. जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार काढायची आणि नवी गुंडाळायची, हे त्यांचं काम. संगणकाचं शिक्षण त्यांना नव्हतं, पण कोणता प्लग सैल आहे आणि कोणता माउस कोणत्या मशीनला चालतो, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं.

कॉलेजच्या मागच्या भिंतीपलीकडे कापसातली सरकी काढायची एक जिनिंग होती. दिवाळीनंतर ती सुरू झाली की उन्हाळ्यापर्यंत कापसाचे बारीक तंतू हवेत तरंगत असायचे. चाचा दुपारी लॅबच्या खिडक्या लावून घेत. मला उकडायचं, मी आले की त्या उघडत असे. ते काही बोलत नसत. मी गेले की पुन्हा लावत.

फेब्रुवारी संपता संपता मी कामाला सुरुवात केली. सगळ्यात चांगल्या मशीनवर एक नवा फोल्डर केला आणि हौसेने त्याला मराठीत नाव दिलं: गणित विभाग. त्यात कोड उतरवला. संध्याकाळी पाचला बिल्ड सुरू केलं. पडद्यावर ओळी धावायला लागल्या. चाचा मागे येऊन उभे राहिले. त्यांनी मशीनच्या डब्यावर हात ठेवला.

"मॅडम, रातभर चालू ठेवता काय? डब्बा लय तापून राह्यला."

"संगणक तापतातच, चाचा," मी मागे न बघता म्हणाले. "तुम्ही फक्त मेन स्विच बंद करू नका."

लॅबचा मेन साडेपाचला बंद करायचा, असा नियम होता आणि ते काम चाचांचं होतं. म्हणून मी मॉनिटरवर एक चिठ्ठीही चिकटवली: 'हे मशीन बंद करू नये.'

दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन पाहते तर मशीन बंद.

"चाचा, काल मेन बंद केला का?"

"नाही केला. बाकीच्या लायनी बंद केल्या. ही चालूच ठेवली."

"मग मशीन बंद कसं झालं?"

"आता ते मले काय माहीत, मॅडम?"

मी पुन्हा सुरू केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा बंद. तिसऱ्या वेळीही तेच. रात्री लाईट गेली होती का म्हणून मी वॉचमनला विचारलं. तो म्हणाला, गेली नव्हती. मग माझ्या हिशेबात एकच कारण उरलं. रोज साडेपाचला तो मेन खाली करण्याची चाचांची सवय इतक्या वर्षांची. तिसऱ्या दिवशी लॅबमध्ये मुलं बसलेली असताना मी म्हणाले, "चाचा, सवयीने हात जात असेल तुमचा. पण त्याने माझी अख्खी रात्र वाया जाते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हात गेला असता तं सांगितलं असतं," ते म्हणाले आणि खुर्च्या नीट लावायला लागले.

मी तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण प्रात्यक्षिकाची परीक्षा एप्रिलमध्ये होती, बिल्ड तासाभराच्या पुढे जात नव्हतं, आणि जूनची मुलाखत डोळ्यांसमोर होती. हे काम फसलं तर कोणाच्या माथी येणार, हे मला ठाऊक होतं. मी प्राचार्यांकडे गेले आणि म्हणाले की लॅब अटेंडंट सूचना पाळत नाहीत. त्यांनी चाचांना बोलावून घेतलं. मी तिथेच उभी होते. प्राचार्यांनी विचारलं, चाचांनी नाही म्हणून सांगितलं, आणि प्राचार्य म्हणाले, "मग काय मशीन आपोआप बंद होतं?"  हाच प्रश्न मला कोणी विचारला नाही.

दुपारी त्यांना मेमो मिळाला. लॅबची किल्ली माझ्याकडे द्यायची, असंही त्यात लिहिलेलं होतं. चाचा माझ्या टेबलापाशी आले. त्यांच्या किल्ल्या एका मोठ्या कड्यात होत्या, त्यात घराची होती, सायकलची होती, बाकी कशाकशाच्या होत्या. त्यातली लॅबची किल्ली काढायला त्यांना वेळ लागला. कडं घट्ट होतं, नखाने उघडत नव्हतं. मी हात पुढे केला नाही. शेवटी ती निघाली. त्यांनी ती टेबलावर ठेवली आणि विचारलं, "कुठं सही करू?"

त्या संध्याकाळी मी बिल्ड सुरू केलं, मेन स्वतःच्या डोळ्यांनी चालू पाहिला, कुलूप स्वतः लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकून खोलीवर गेले.

सकाळी दार उघडलं. मशीन बंद होतं.

खरं सांगायचं तर, माझ्या मनात पहिला विचार मशीनचा आला नाही आणि चाचांचाही आला नाही. पहिला विचार असा आला, की हे कोणाला कळायला नको. मी पटकन बटण दाबून ते सुरू केलं.

पुढचे दोन दिवस मी गप्प राहिले. किल्ली माझ्याकडे असल्यामुळे चाचांना मी येईपर्यंत आत जाता येत नव्हतं. ते सकाळी नेहमीच्या वेळेला यायचे आणि बाहेर स्टुलावर बसून राहायचे, हातात झटकायचं फडकं घेऊन. मी आले की उठायचे. "नमस्ते मॅडम" म्हणायचे. मी कुलूप काढायचे. आत गेल्यावर ते त्यांचं काम करायचे, मी माझं. डब्याबद्दल ते पुन्हा काही बोलले नाहीत.

शनिवारी मी जीपने माझ्या गावी, धाडला, घरी गेले. आई शेंगा निवडत बसली होती. तिच्यापाशी बसून मी हे सगळं सांगितलं, पण सांगताना सॉफ्टवेअरचीच गोष्ट जास्त लावली, बिल्ड काय असतं, कसं थांबतं वगैरे. आईने ते सगळं ऐकून घेतलं आणि तिला जे विचारायचं होतं तेच विचारलं.

"मंग त्या माणसाले सांगितलं काय, का तुह्यी चूक होती म्हून?"

"सांगणार आहे."

"काऊन नाही सांगितलं आतालोक?"

मी दोन शेंगा उचलून सोलायला लागले. माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिपाई होते. मी लहान असताना तिथलं भिंतीवरचं घड्याळ नाहीसं झालं होतं आणि त्यांच्यावर आळ आला होता, एवढं मला माहीत होतं. पुढचं आईने त्या दिवशी सांगितलं.

"हेडमास्तरनंच दुरुस्तीले देल्लं होतं ते. इसरले होते. महिन्यानं घड्याळ परत आलं अन् भितीवर लागलं. तुह्या बापाले कोणी एक सबद बोललं नाही, का बा, आमचं चुकलं. त्यानं सकाळी झाडझूड कराले गेल्यावर पाह्यलं, घड्याळ जागेवर हाये. मंग त्यालेच रोज चावी द्या लागे."

एवढं सांगून ती पुन्हा शेंगा निवडायला लागली.

रविवारी मी आणखी एक गोष्ट केली, जी करायला मी इतके दिवस घाबरत होते. त्या सॉफ्टवेअरचा एक मंच होता. तिथे जगभरातले लोक आपली अडचण लिहायचे आणि ते लिहिणारेच, म्हणजे ज्यांनी कोड लिहिला तेच, उत्तर द्यायचे. माझं इंग्रजी वाचण्यापुरतं बरं, लिहिताना हात अडखळतो. आपल्याला हसतील असं वाटायचं. पण लिहिलं. लांबलचक लिहिलं, त्यात तक्रारच जास्त होती, आणि शेवटी इंग्रजीबद्दल माफी मागितली.

सोमवारी सकाळी उत्तर आलेलं होतं. लिहिणारा माणूस कुठल्या तरी थंड देशातला, एका विद्यापीठात शिकवणारा. त्याने लिहिलं होतं की इंग्रजीबद्दल माफी मागू नका, मीही ते शाळेत शिकलेलंच आहे. आणि मग तीनच प्रश्न. बिल्ड दर वेळी त्याच तुकड्यावर थांबतं का? साधारण किती वेळाने थांबतं? आणि थांबल्यावर डबा हाताला गरम लागतो का?

पेन ड्राइव्हवर घेतलेल्या जुन्या नोंदी मी वर विभागात बसून काढून पाहिल्या. प्रत्येक बिल्ड आपण काय करतंय ते एका फाइलमध्ये लिहीत जातं. चारही वेळा ते वेगवेगळ्या तुकड्यांवर थांबलं होतं. एकदा मोठ्या संख्यांच्या गणितापाशी, एकदा मॅट्रिक्सपाशी, दोनदा भलतीकडेच. पण वेळ दर वेळी जवळपास सारखीच, पाऊण तासाच्या आगेमागे. कोडमध्ये चूक असती तर ते एकाच जागी अडलं असतं. हे तर घड्याळ लावल्यासारखं बंद पडत होतं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला डब्याला हात लावायची गरज नव्हती. चाचांनी ते पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं.

मी खाली लॅबपाशी गेले. चाचा स्टुलावर बसले होते. ते उठायला लागले, तर मी म्हणाले, "बसा चाचा." मी तिथेच उभी राहून सांगितलं की मशीन तुम्ही बंद केलं नव्हतं, ते तापून आपोआप बंद होत होतं, मी तुमच्यावर खोटा आळ घेतला, माझं चुकलं.

त्यांनी फडक्याची घडी केली.

"मले माहीत होतं," ते म्हणाले.

"काय?"

"का तुमाले कळलं म्हून. किल्ली नेल्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही दार उघडलं, तवा म्या मागंच उभा होतो. मशीनचा दिवा बंद होता. तुम्ही लगेच बटन दाबलं." त्यांनी फडकं मांडीवर ठेवलं. "वाट पाहून राह्यलो होतो, कवा सांगता तं."

मला वाटतं, ते रागावून बोलले असते तर मला सोपं गेलं असतं. मी पुन्हा म्हणाले की माझं चुकलं.

"मले सांगितलं, ठीक हाये. पण तवा तुम्ही सायबाच्या समोर बोलल्या होत्या."

"आज जाते मी साहेबांकडे."

"हाव. ते तुमचं तुम्ही पाहा." ते उठले. "चला, डब्बा उघडू."

त्यांनी मेन बंद केला, वायरी काढल्या, डबा टेबलावर आडवा घेतला आणि चार स्क्रू काढून त्याची बाजू सरकवली. आत मुख्य चिपवर एक पंखा होता आणि पंख्याखाली धातूच्या पातळ पट्ट्या. निदान तिथे पट्ट्या असायला हव्या होत्या. दिसत होता तो कापूस. बारीक तंतू पंख्याने ओढून ओढून इतके दाबून बसवले होते की त्यांची करड्या रंगाची गादीच तयार झाली होती. चाचांनी चिमट्याने तिचा एक कोपरा धरला आणि अलगद उचलला. ती अख्खी निघाली, तळहाताएवढी, पंख्याच्या आकाराची.

"जिनातल्या मोटारी अशाच जळते," ते म्हणाले. "वारा खेचाले जागाच नाही राहत. गरमी आतल्या आत."

"हा कापूस खिडकीतून आला," मी म्हणाले.

"मंग काय." ते पट्ट्यांमधून ब्रश फिरवत होते. "म्या लावत होतो, तुम्ही उघडत होत्या."

मी विचारलं, की मग सांगितलं का नाही. ते म्हणाले, "मॅडम, माणसाले किती येळा सांगावं?" त्यात टोमणा नव्हता. इतकी वर्षं लोकांना सांगून पाहिलेल्या माणसाचं ते साधं बोलणं होतं.

दुपारी मी प्राचार्यांकडे गेले. ते म्हणाले, ठीक आहे, गैरसमज होतात, सोडून द्या. मी मेमोबद्दल विचारलं. त्यांनी मोठ्या बाबूंना बोलावलं. बाबू म्हणाले, "फाइलला लागलेला कागद निघत नाही, मॅडम. पाहिजे तर त्याच्यावर दुसरा कागद लावता येतो." म्हणजे मी लेखी द्यायचं, की माझी तक्रार चुकीची होती. प्राचार्य म्हणाले, "बघा हं. तुमच्या नावाने कागद राहील. जूनमध्ये मुलाखत आहे तुमची." ते वाईट हेतूने म्हणाले असं मला वाटत नाही. त्यांना माझी काळजीच असावी. मी त्यांच्या समोरच बसून कागद लिहिला.  पाच ओळी होत्या. बाबूंनी आवक क्रमांक टाकला आणि चाचांच्या फाइलला तो मेमोच्या वर लावला. मी एक प्रत मागून घेतली आणि किल्लीसोबत चाचांना दिली. त्यांनी कागद वाचला, खिशात ठेवला, किल्ली कड्यात अडकवली. 

संध्याकाळी पुन्हा बिल्ड. या वेळी दोघांनी मिळून लावलं. सकाळी चाचांनी दार उघडून ठेवलेलं होतं आणि ते दारातच उभे होते.

"चालू हाये," ते म्हणाले. "पण पुढं नाही सरकून राह्यलं."

मशीन रात्रभर बंद पडलं नव्हतं. निम्म्याहून जास्त तुकडे तयार झाले होते. पण मग एका तुकड्याशी एरर येऊन सगळं थांबलं होतं. खुर्चीत बसून मी पडदाभर इंग्रजी वाचायला लागले. शेवटची ओळ नुसतं एवढंच सांगत होती की चूक झाली आहे. खरी चूक वर कुठे तरी, हजारो ओळींच्या आत. फाइल सापडत नाही, असं एके ठिकाणी लिहिलं होतं. ती फाइल तर तिथे होती, मी डोळ्यांनी पाहत होते. मी पुन्हा सुरू केलं, ते अगदी त्याच जागी थांबलं. पुन्हा केलं, पुन्हा तिथेच. आता ही मशीनची चूक नव्हती, कोडची होती, पण काय होती ते कळेना. माझे दोन तास त्यात गेले.

चाचा चहा घेऊन आले. कप ठेवताना ते पडद्याकडे वाकले. इंग्रजी त्यांना अक्षर लावून वाचावं लागे, त्यामुळे ते असल्या ओळींच्या वाटेला जात नसत. पण त्या गर्दीत त्यांना वाचता येईल असं काहीतरी होतं.

"मॅडम, हे तुमच्या फोल्डरचं नाव ना? गणित विभाग?"

"हो."

"सगळीकडं सोबत हाये. इथं मात्र 'गणित' या ओळीत अन् 'विभाग' खालच्या ओळीत. तोडलं काऊन असं?"

मी पाहिलं. ते बोट ठेवून होते त्या जागी संगणक 'गणित' नावाची एक जागा शोधत होता आणि 'विभाग' नावाची दुसरी. दोन्ही नव्हत्या. दोन शब्दांच्या मधल्या रिकाम्या जागेपाशी त्याने एका नावाची दोन नावं केली होती. मी ती ओळ दोन तासांत वीस वेळा वाचली असेल. मला देवनागरी दिसली की माझी नजर तिला आपलं समजून पुढे जायची आणि इंग्रजीत चूक शोधायची. चाचांची नजर फक्त तिथेच थांबली, कारण बाकी काही वाचण्यासारखं त्यांना नव्हतं.

मी मधली जागा काढून नाव जोडून लिहिलं. बिल्ड ती जागा ओलांडून गेलं आणि थोड्या वेळाने आणखी एका तुकड्यापाशी अडलं. तिथे देवनागरी अक्षरंच चालत नव्हती. मग मी फोल्डरचं नाव साध्या इंग्रजी अक्षरांत केलं आणि सगळं सुरुवातीपासून लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शेवटचा तुकडा तयार होता.

चाचांनी विचारलं, आता हे करतं काय? मी एकपासून हजारपर्यंतच्या सगळ्या संख्यांचा गुणाकार मागितला. बटण दाबायचा अवकाश, आकड्यांनी पडदा भरला आणि खाली वाहायला लागला. चाचा बराच वेळ पाहत राहिले.

"बरोबर असंन काय?"

"असेल."

"एवढा मोठा आकडा लागते कोणाले?"

 मी म्हणाले, गणितवाल्यांना लागतो. त्यांनी मान हलवली, जशी आपण दुसऱ्याच्या घरच्या रिवाजाला हलवतो.

बाकी अकरा डबेही त्यांनी एकेक करून उघडले, साफ केले. एप्रिलमध्ये परीक्षा झाली. मुलांनी आलेख काढले, एका मुलीने मॅट्रिक्सचं उदाहरण बाहेरून आलेल्या परीक्षकांच्या आधी सोडवलं आणि परीक्षकांना ते आवडलं. जूनच्या यादीत माझं नाव होतं. त्या कागदाबद्दल मुलाखतीत कोणी विचारलं नाही.

मंचावर मी दोन्ही चुका लिहून कळवल्या, कोणी कशा शोधल्या तेही लिहिलं. त्या थंड देशातल्या माणसाने लिहिलं की देवनागरीची अडचण आम्हाला माहीतच नव्हती, कारण आजवर कोणी तशा नावाने करून पाहिलं नव्हतं. काही आठवड्यांनी त्याने दुरुस्त केलेला कोड पाठवला आणि तुमच्या मशीनवर चालवून बघाल का, असं विचारलं. आम्ही चालवला. देवनागरी नाव आता चालत होतं. मधली रिकामी जागा अजूनही चालत नव्हती, पण आता ते सुरुवातीलाच, एका सरळ वाक्यात तसं सांगत होतं. कोणाची रात्र वाया जाणार नव्हती. मग त्याने विचारलं, आभाराच्या यादीत नावं कशी लिहायची. मी दोन नावं पाठवली.

नवी आवृत्ती आली तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. मी चाचांना लॅबमध्ये बसवून ती यादी उघडून दाखवली. त्यांनी चष्मा लावला, एकेक अक्षर लावत आपलं नाव वाचलं आणि म्हणाले, "एक अक्षर चुकलं." खरंच चुकलं होतं, माझ्याच हातून. मी लगेच मंचावर लिहिलं. दुसऱ्या दिवशी ते दुरुस्त झालेलं होतं.

"रेशन कार्डावर हेच अक्षर चुकलं होतं," चाचा म्हणाले. "ते सुधराले माह्यी अर्धी जिंदगी गेली." मग त्यांनी विचारलं, "हे आता कोणाकोणाले दिसते?"

"कोणालाही. जगात कुठेही."

"जालन्याले?"

त्यांची मुलगी जालन्याला एका दवाखान्यात नर्स होती. त्यांनी तिथल्या तिथे तिला फोन लावला आणि मोठ्या आवाजावर ठेवला. मी त्या पानाचा पत्ता सांगितला, तिने तो मोबाइलवर टाकला. तिच्या मागे कोणी तरी कोणाला तरी हाका मारत होतं.

"मिल गया, अब्बा," ती म्हणाली. "पर ये है क्या?"

चाचांनी खुर्ची जरा पुढे ओढली आणि तिला पहिल्यापासून समजावून सांगायला लागले. माझा तास होता, म्हणून मी खडू घेतला आणि वर्गात गेले.